वर्गमूळ कळलंय का हे तपासताना √४ विचारू नका

आठवीला गणित शिकवणाऱ्या एका सरांचा प्रश्न असा आहे: वर्गमूळ आणि घनमूळ शिकवून झालं, घटक चाचणीत बहुतेकांना वीसपैकी सोळा-सतरा गुण पडले. तीन आठवड्यांनी फळ्यावर √५० लिहून "हे साधारण किती येईल?" विचारलं, तर वर्ग गप्प. मागच्या बाकावरून एकजण "पंचवीस" म्हणाला. मग गुण खरे मानायचे की ही शांतता? आणि मुलांना नेमकं काय कळलंय ते तपासायचं कसं?

सर, दोन्ही खरं आहे. तुमच्या चाचणीत √१४४, √२२५, √४०० असे आकडे असणार. मुलं अशा वेळी वर्गांचं पाठांतर उलटं वाचतात. 'बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस' इतकं घोकलेलं असतं की १४४ दिसले की १२ तोंडात येतात. मी पाठांतराच्या विरोधात नाही. तीसपर्यंत वर्ग आणि पंधरापर्यंत घन मी आजही म्हणून घेते, तोंडी परीक्षेत त्याचे गुणही देते. फक्त ते गुण पाठांतराच्या रकान्यात लिहिते, वर्गमूळ समजल्याच्या नाही.

सत्तावीस वर्षं सातवी-आठवीला गणित शिकवल्यावर या घटकाबद्दल मला मुख्यतः एकच सांगायचंय. प्रश्नाचा प्रकार बदलण्याआधी प्रश्नातला आकडा बदला. काही आकडे असे असतात की रीत चुकली तरी उत्तर बरोबर येतं, आणि नेमके तेच आपल्याला सोपे म्हणून आवडतात.

सगळ्यात लबाड आकडा ४. चारचं वर्गमूळ २ आणि चारचं निम्मंही २. वर्गमूळ म्हणजे निम्मं असं समजणारं पोर इथे पैकीच्या पैकी घेऊन जातं. तुमच्या मागच्या बाकावरचा 'पंचवीस'वाला तोच. पन्नासचं निम्मं केलं त्याने. १६ दिलात तर तो ८ म्हणून पकडला जातो, पण तिथे दुसरा एक सुटतो. १६ चे अवयव २ × २ × २ × २. जोड्या लावून प्रत्येक जोडीतला एक घ्यायचा, याऐवजी 'एकूण अवयवांतले अर्धे घ्यायचे' असं काही मुलांनी डोक्यात बसवलेलं असतं. सोळात अर्धे घेतले तरी ४ च येतात. ६४ आणि ८१ चंही तसंच. आता ३२४ द्या. अवयव २, २, ३, ३, ३, ३. अर्धे घेणारा पहिले तीन उचलतो आणि १२ लिहितो, जोड्या लावणारा १८ लिहितो. एकाच आकड्यात दोघं वेगळे झाले.

घनमुळातही हेच. ∛६४ विचारलंत तर सहा दोनांतले कुठलेही दोन उचलले तरी ४ मिळतात. ∛२१६ द्या: २, २, २, ३, ३, ३. तीन-तीन सारख्या अवयवांचं त्रिकूट करून प्रत्येकातला एक घ्यायचा हे कळलेला ६ म्हणतो, पहिले दोन उचलणारा ४ म्हणतो आणि 'घनमूळ म्हणजे तिसरा हिस्सा' समजणारा ७२ लिहितो. ∛२७ = ९ लिहिणारेही दरवर्षी दोन-तीन निघतात. त्यांना ३ चा घन विचारून पाहा, बहुतेकदा तिथेही ९ च ऐकू येईल. म्हणजे गाठ घनमुळात नसून घातांकात आहे, आणि घनमुळाचा कितीही सराव दिला तरी ती तिथून सुटायची नाही.

हे मी स्वतः चुकून शिकले. एका वर्षी पंधरा ऑगस्टच्या कवायतीवरून मी प्रश्न काढला: ६०० मुलांना चौरसात उभं करायचंय, जितक्या रांगा तितकीच एका रांगेत मुलं, तर कमीत कमी किती मुलांना बाजूला बसवावं लागेल? जवळजवळ सगळ्या वर्गाने २४ लिहिलं. मी खूश. पेपर वाटताना एकाला सहज विचारलं, "२४ काय रे?" तर म्हणाला, "बाई, २४ रांगा." मी गारच. २४ चा वर्ग ५७६, ६०० मधून गेले की उरतात २४. रांगाही २४, बसलेली मुलंही २४! किती मुलांनी शिल्लक काढली आणि किती जण मुळावरच थांबले, हे त्या पेपरवरून कुणालाच सांगता आलं नसतं. पुढच्या वर्षी ५५० केले. रांगा २३, बाहेर २१. प्रश्न तोच, फक्त आता उत्तर बोलतं. तेव्हापासून पेपर छापायला देण्याआधी प्रत्येक प्रश्न मी एकदा चुकीच्या रीतीने सोडवते. तरीही उत्तर बरोबर आलं, तर आकडा बदलते. पाच मिनिटांचं काम आहे.

दशांश अपूर्णांकांत असे फसवे आकडे कमी, कारण तिथे मुलं मोकळेपणाने चुकतात. √०.०९ आणि √०.९ एकाखाली एक द्या. पहिल्याला ०.३ बरोबर येतं आणि दुसऱ्यालाही तेच ०.३ येतं. मग फक्त विचारा, "दोन वेगळ्या संख्यांचं वर्गमूळ एकच कसं?" उत्तर सांगू नका. ०.३ × ०.३ करून पाहायला पाटी द्या. दुसरी जोडी: ०.६४ मोठं की √०.६४? 'मूळ नेहमी लहानच असतं' हा समज इतका पक्का असतो की √०.६४ = ०.८ स्वतः काढूनसुद्धा मुलं ०.६४ मोठं म्हणतात. चौसष्ट आठापेक्षा मोठे ना!

पाटीचं आत्ता म्हटलंच, तर सांगते. या घटकासाठी मला लेखी चाचणीपेक्षा पाटी जास्त उपयोगी पडते. घरात जुन्या पाट्या पडलेल्या असतात, नाहीतर पुठ्ठ्याला पांढरा कागद चिकटवून त्यावर सेलोटेप मारा, मार्करने लिहून पुसता येतं. प्रश्न सांगायचा, अर्धा मिनिट द्यायचं, "पाट्या वर!" म्हणायचं. चाळीस उत्तरं एका नजरेत दिसतात. हात वर करायला लावलंत तर तेच ठरलेले पाच जण उत्तर देतात आणि वर्गाला समजलंय असा आपला गैरसमज होतो. पाट्यांवर मी 'काढा' असे प्रश्न फारसे विचारत नाही. "√५० कोणत्या दोन पूर्ण संख्यांच्या मधे?" "त्यातल्या कुणाच्या जवळ?" "∛५० कुठे?" असे विचारते. √५० सातला चिकटून असतं, ७.०७ च्या आसपास. ∛५० तीन आणि चारच्या मधे, चारकडे झुकलेलं. एकच ५० दोन्हींत घेतला की वर्ग आणि घन यांतला फरक मुलाला दिसतो का, हे लगेच कळतं.

आता एका तासाचं सांगते, कारण मूल्यमापन म्हणजे पेपर असं जे आपल्या डोक्यात बसलंय ते माझ्या डोक्यातून त्या दिवशी गेलं. तालुक्याच्या गावातली शाळा, निम्म्या मुलांच्या घरी शेती. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट हे त्यांना माझ्याआधी ठाऊक. मी विचारलं, "एक गुंठ्याचा चौरस प्लॉट, बाजू किती?" अवयव पाडले, ३, ३, ११, ११, बाजू ३३ फूट. छान. "मग दोन गुंठ्यांच्या चौरस प्लॉटची बाजू?"

"सहासष्ट!" जवळजवळ एका सुरात.

मी काहीच बोलले नाही. पाटीवर चित्र काढा, एवढंच म्हटलं. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने ३३ चा चौरस काढला, शेजारी तेवढाच दुसरा जोडला आणि थबकली. "बाई, हा तर लांबडा झाला." मग तिने खाली आणखी दोन जोडले. "आता चौरस झाला. पण हे चार गुंठे झाले." मागून कुणीतरी, "म्हणजे सहासष्टला चार. मग दोनला ३३ आणि ६६ च्या मधलं काहीतरी." मी म्हटलं, "मधलं म्हणजे कुठलं?" तो म्हणाला, "बरोब्बर मधलं. साडेएकोणपन्नास." सगळे गुणाकाराला लागले. ४९.५ चा वर्ग २४५० च्या वर गेला, हवे होते २१७८. "जास्त झालं!" मग ४७, त्याचे २२०९. तेही जास्त. ४६, त्याचे २११६. कमी. "सेहेचाळीस आणि सत्तेचाळीसच्या मधे, बाई. सत्तेचाळीसच्या जवळ."

या दहा मिनिटांत मी कुणाला एकही गुण दिला नाही, पण वहीत माझ्या चार नोंदी झाल्या. क्षेत्रफळ दुप्पट म्हणजे बाजू दुप्पट असं समजणारे कोण, चित्राने सावरणारी कोण, दोन टोकांच्या बरोबर मधे वर्गमूळ असतं असं धरणारा कोण, आणि पडताळा घेत घेत जवळ जाणारे कोण. लेखी प्रश्नात या चौघांची उत्तरं 'चूक' किंवा 'बरोबर' एवढीच दिसली असती. साडेएकोणपन्नास म्हणणाऱ्याचं उत्तर चूकच, पण त्याच्याजवळ सहासष्टवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं.

शहरातल्या शाळेत गुंठा चालणार नाही, तिथे पाण्याची टाकी घ्या. एक मीटर बाजूच्या घनाकृती टाकीत १००० लिटर पाणी मावतं. २००० लिटरच्या घनाकृती टाकीची बाजू किती? "दोन मीटर" असं ठासून उत्तर येतं. दोन मीटरच्या टाकीत ८००० लिटर बसतात हे मुलांनी स्वतः काढलं की पुढचा तास तेच चालवतात. १.२५ चा घन २००० लिटरला थोडा कमी पडतो, १.२६ चा किंचित वर जातो. फळ्यावर असे आकडे मिळवत बसायला मुलांना आवडतं. सातवीसाठी लुडोचे फासे पुरतात: ३० फासे द्या, मोठ्यात मोठा घन रचायला सांगा. २७ चा घन होतो, ३ उरतात. लगेच ∛३० विचारा.

शिष्यवृत्तीच्या तयारीतून आलेल्या मुलांचं प्रकरण जरा निराळं. त्या परीक्षेसाठी त्यांना घनमुळाची झटपट रीत शिकवलेली असते: शेवटच्या अंकावरून एकक स्थान ठरवा, शेवटचे तीन अंक सोडा, उरलेल्यावरून दशक स्थान ठरवा. १७,५७६ चा शेवट ६, म्हणून एकक ६. उरले १७, त्याच्या आतला मोठा घन ८, म्हणून दशक २. उत्तर २६. अगदी बरोबर, आणि बघणाऱ्याला वाटावं पोरगं हुशार आहे. आता त्याला सहज १८,६१६ द्या. शेवट ६, उरले १८, आतला घन ८. तो पुन्हा २६ म्हणेल, तितक्याच आत्मविश्वासाने. सव्वीसचा घन आणि सत्ताविसाचा घन १९,६८३, यांच्या मधे ही संख्या लोंबकळते आहे, ती पूर्ण घनच नाही. रीत फक्त पूर्ण घनाला लागू आहे हे ज्याला ठाऊक असेल, तो थांबून विचारेल, "बाई, ही पूर्ण घन आहे का?" त्या एका प्रश्नाला मी पूर्ण गुण देते. रीत वाईट नाही, परीक्षेत वेळ वाचतो, त्या परीक्षेशी भांडण्यात अर्थ नाही. पण तुमच्या वर्गातल्या चाचणीत एक तरी असा आकडा असू द्या जिथे रीत आपटते.

आपल्या भाषेने घातलेला एक गोंधळही सांगायला हवा, कारण इंग्रजी माध्यमातल्या शिक्षकांना तो जाणवत नाही. मराठीत 'मूळ संख्या' वेगळी आणि 'वर्गमूळ' वेगळं, पण दोन्हींत 'मूळ' आहे. "३६ चं मूळ काढ" म्हटल्यावर २, २, ३, ३ लिहून मोकळा झालेला मुलगा मी पाहिलाय, आणि खरं तर त्याची चूक नव्हती. मी घाईत 'वर्ग' गाळला होता. प्रश्नपत्रिकेत 'मूळ अवयव' आणि 'वर्गमूळ' एकाच वाक्यात येत असतील तर वाक्य तोडा, नाहीतर तुम्ही गणिताऐवजी वाचन तपासाल. तसंच ∛८ मधला ३. वहीत तो चिन्हाच्या खोबणीत बारीक बसायला हवा, पण मुलं तो चिन्हाआधी भला मोठा काढतात आणि दोन ओळींनंतर स्वतःच '३ गुणिले √८' असं वाचतात. इथे मी गुण कापत नाही. कागदाच्या कडेला दोन्ही काढून दाखवते आणि पुन्हा लिहायला लावते.

धन-ऋणाचा वाद शिक्षकांच्या खोलीतही रंगतो. √४९ चं उत्तर ७ की ७ आणि −७? √ हे चिन्ह म्हणजे धन वर्गमूळ, म्हणून ७. पण 'ज्यांचा वर्ग ४९ आहे अशा सर्व संख्या लिहा' म्हटलं तर ७ आणि −७ दोन्ही. हे दोन प्रश्न जवळजवळ ठेवून विचारा. कुणी √४९ ला दोन्ही लिहिली तर त्याला पूर्ण चूक देऊ नका, त्याला अर्धी गोष्ट आपल्यापेक्षा आधी दिसली आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात धन संख्येची मुळं धन आणि ऋण अशी दोन सांगितली आणि ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कुणाचा वर्गच नाही, असंही कारणासकट लिहून ठेवलं. तेच कारण मुलाच्या तोंडून ऐकायचं असेल तर √−९ आणि ∛−२७ शेजारी ठेवा आणि विचारा, "एकाचं मिळतं, दुसऱ्याचं का नाही?" दोन ओळींत उत्तर लिहू द्या. मला या एका प्रश्नातून जेवढं कळतं तेवढं दहा उदाहरणांतून कळत नाही.

लेखी चाचणी काढायचीच असेल तर वीसपैकी सहा गुण सरळ 'काढा' या प्रकाराला पुरेत. बाकीच्यात ७२ सारखा एखादा आकडा घ्या आणि त्याच्याभोवती फिरा. ७२ ला कोणत्या लहानात लहान संख्येने गुणलं तर पूर्ण वर्ग होईल? आणि पूर्ण घन व्हायला? पहिल्याला २, दुसऱ्याला ३. अवयव एकदाच पाडायचे, २, २, २, ३, ३, पण एकदा जोड्यांत एकटा कोण राहतो ते बघायचं आणि एकदा त्रिकुटात कुणाला सोबती हवाय ते. दोन्हींना २ लिहिणारा जोड्यांतच अडकलेला असतो. बहुपर्यायी प्रश्न हवे असतील तर प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक चूक उभी करा. उदाहरणार्थ, √०.४ च्या सगळ्यात जवळची संख्या: ०.२, ०.०२, ०.६, ०.१६. ०.२ निवडणारा निम्मं करतोय किंवा चारचं मूळ काढून पुढे दशांश चिन्ह चिकटवतोय, ०.१६ वाला वर्ग करतोय, ०.०२ वाल्याचा दशांश चिन्हाचा घोळ आहे. पेपर तपासताना चुकांची वेगळी यादी करावी लागत नाही, पर्यायच यादी करतात.

आकारिक नोंदींबद्दल, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात प्रत्येक मुलापुढे लिहायच्या शेऱ्यांबद्दल, एक कुरकुर करूनच घेते. 'गणितात रुची घेतो', 'उदाहरणे सोडवण्याचा प्रयत्न करतो' ही वाक्यं आपण सगळ्यांनी चाळीस मुलांसमोर चाळीस वेळा उतरवली आहेत. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला त्यातून काहीही मिळत नाही. त्याऐवजी 'निम्मं करतो', 'जोड्या येतात, त्रिकूट नाही', 'दशांशात अडते', 'अंदाज उत्तम, मांडणी नाही' इतकं लिहिलं तरी पुरतं. मी वहीच्या डाव्या पानावर ही खरी नोंद ठेवते आणि तपासणीसाठीची उजव्या पानावर.

आणि चाचणी एकदाच घेऊन थांबू नका. तीन आठवड्यांनी √५० विचारलंत, ते न ठरवता केलेलं तुमचं सगळ्यात चांगलं मूल्यमापन होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा पाट्या काढा, आकडे नवे घ्या, पाच प्रश्न पुरे.

'पंचवीस' म्हणणाऱ्याला तोवर थांबवून ठेवू नका. उद्याच त्याला फळ्याशी बोलवा, २५ × २५ करू द्या, ६२५ आले की नुसतं ५० कडे बोट दाखवा. खाली उतरताना त्याच्या हातात √८० द्या. चाळीस म्हणाला तर फासे आणि चौकटीचा कागद घेऊन पहिल्यापासून बसायला हवं. "नवाच्या जरा अलीकडे" म्हणाला, तर वहीत त्याच्या नावापुढे तारीख टाका.